मानमोडीच्या आडून

चुलतीने सकाळी डालगं उचललं तेव्हा खाली सात कोंबड्या मरून पडल्या होत्या. दोन जिवंत होत्या. त्यातल्या एकीची मान उलटी फिरून पाठीला टेकली होती आणि दुसरी पाय ओढत भिंतीकडे सरकत होती. जमिनीवर हिरवट-पांढरी हगवण. नवापूरची बर्ड फ्लूची साथ होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील; मी कॉलेजात होतो आणि सुट्टीला जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी आलो होतो. चुलतीने पदर नाकाला लावला आणि एवढंच म्हणाली, "मानमोडी आली बघ."

मग तिने जे केलं ते गावातल्या कुठल्याही बाईने केलं असतं. मागच्या खुराड्यातल्या अकरा कोंबड्या अजून धडधाकट दिसत होत्या. त्यांचे पाय सुतळीने बांधून तिने त्या पाटीत घातल्या आणि नऊच्या एसटीने आठवडी बाजार गाठला. दुपारी दोनच्या आत अकराही विकून ती परत आली. मेलेल्या सात मी ओढ्याकाठी टाकून आलो. संध्याकाळी तिथे कावळे आणि दोन कुत्री होती.

त्या दिवशी त्या रोगाने किती वाटा धरल्या ते मी पुढे अनेकदा मनात मोजलं आहे. एसटीतली पाटी, बाजारातलं गोणपाट, कोंबड्या विकत घेणाऱ्यांची घरं, ओढ्याचं पाणी, कावळ्यांच्या चोची आणि माझ्या पायातल्या चपला. यातलं काहीही कुठल्या नोंदवहीत गेलं नाही. ती खरंच मानमोडी होती का, हे आजही कुणाला सांगता येणार नाही. चुलतीने नाव घेतलं आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं. मी लिहायला बसलो आहे ते या नावाबद्दलच. मानमोडीकडे, म्हणजे राणीखेतीकडे, "ती काय, दरवर्षीची" म्हणून आपण काणाडोळा करत राहू तोवर बर्ड फ्लूचा माग आपल्याला वेळेवर लागणार नाही. मोठा रोग या ओळखीच्या रोगाच्या आडूनच शिरतो. तो असा शिरलेला आपण पाहिलाही आहे.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ जाहीर झाली. पण कोंबड्या त्याच्या बऱ्याच आधीपासून मरत होत्या. शेडवाले म्हणत होते राणीखेत आहे, आणि त्यांना खोटं ठरवण्याजोगं गावपातळीवर कुणाच्याच हातात काही नव्हतं. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने हा बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू असल्याचं सांगितलं तेव्हा चित्र पालटलं. मग पांढऱ्या पोशाखातली पथकं आली, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या आणि माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले. सुदैवाने एकही माणूस बाधित निघाला नाही. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांमध्ये परसातल्या कोंबड्यांत तोच रोग सापडला, मग सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरकडे. गुजरातेतलं उच्छल तर नवापूरला लागूनच. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. एकाच बाकावर बसलेली दोन माणसं दोन राज्यांत असू शकतात. कोंबडीची गाडी हाकणाऱ्याला ती रेघ कधी आडवी आली नाही. विषाणूलाही नाही. रेघ होती फक्त सरकारी कागदावर.

राणीखेत हे नावच एका जुन्या तपासाची खूण आहे. १९२६ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ आणि साधारण त्याच सुमारास जावा बेटावर हा रोग नोंदवला गेला. आपल्याकडे तो कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला दोनएक वर्षांत ओळखला गेला आणि त्या गावाचं नाव कायमचं त्याला चिकटलं. त्याच डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या संशोधन केंद्रात त्यावरची लस निघाली. आर२बी नावाने ती आजही कोंबड्यांना टोचली जाते. आपल्या घराजवळच्या रोगावर आपल्या माणसांनी काढलेला हा उपाय आहे. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि म्हणूनच एवढ्या वर्षांनंतरही तो खेड्यातल्या खुराड्यापर्यंत पोचत नाही याची चीड येते.

मानमोडी हा शब्द मात्र त्याहून जुना असावा. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही आपल्या लोकांनी मानमोडीच म्हटलं होतं. माझ्या पणज्याची बहीण "मानमोडीत गेली" असं घरात सांगतात. कोंबडीचा एक रोग आणि माणसांची ती भयंकर साथ, दोघांना एकच नाव. लोक जे डोळ्यांना दिसतं त्यावरून नाव ठेवतात, यात चूक काहीच नाही. पण इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळ्या कुळातला आणि राणीखेतीचा वेगळ्या कुळातला. मान मोडलेली दिसली म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

आणि खरी अडचण अशी की डोळ्यांनी हे दोन रोग वेगळे करता येत नाहीत. मला हे एका निवृत्त पशुवैद्यांनी शेडच्या दारात मेलेली कोंबडी फाडून दाखवलं होतं. त्यांनी जठराआधीची ग्रंथींची पिशवी उघडली. आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. "पुस्तकात लिहिलंय, हे राणीखेतीचं लक्षण," ते म्हणाले. "पण बर्ड फ्लूतही हेच दिसतं." तुरा आणि गळ्याखाली लोंबणारे गलोल काळेनिळे पडणं, डोकं सुजणं, पायांच्या खवल्यांखाली रक्त साकळणं ही बर्ड फ्लूकडे बोट दाखवणारी लक्षणं. पण पुष्कळदा कोंबडी ती दाखवण्याइतकी जगतच नाही; संध्याकाळी दाणे टिपते आणि सकाळी मेलेली सापडते. लस न दिलेल्या गावरान कोंबड्यांत उग्र राणीखेतही असाच कळपच्या कळप नेते. निदान करायचं तर घशातून आणि शेपटीखालून बोळ्याने नमुना घ्यायचा, तो बर्फात ठेवायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. राज्यात त्यासाठी पुण्याला औंधची रोग निदान प्रयोगशाळा आहे. बर्ड फ्लूवर शेवटचा शिक्का मात्र भोपाळचा लागतो.

म्हणजे माग काढण्याचं यंत्र आपल्याकडे आहे. शास्त्रज्ञ आहेत, विषाणूची जनुकीय मांडणी वाचून तो कुठल्या फांदीवरचा आहे हे सांगण्याची सोय आहे. १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात एका हंसात सापडलेल्या एच५एन१चे वंशज आज कुठे कुठे पसरलेत याचा नकाशा जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून काढला आहे. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना तो झाला आणि सहा दगावली, तिथपासून अमेरिकेतल्या दुभत्या गाईंपर्यंत आणि अंटार्क्टिकाच्या पक्ष्यांपर्यंतची वाट त्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. मला हे काम थक्क करतं. पण त्या सगळ्या झाडाची मुळी एकाच जागी आहे. कुणीतरी पहिल्या मेलेल्या कोंबडीबद्दल कुणाला तरी सांगितलं पाहिजे. माझ्या चुलतीने सांगितलं नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही सांगितलं नसतं.

का सांगेल? हिशेब साधा आहे. सांगितलं आणि निदान बर्ड फ्लूचं आलं, तर किलोमीटरभरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या जातात आणि दहा किलोमीटरच्या टापूवर पाळत बसते. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, केंद्र आणि राज्य मिळून ती देतात. पण आधीच मेलेल्या कोंबडीचे पैसे मिळत नाहीत. ज्याच्या घरी रोग पहिल्यांदा आला, ज्याने सगळ्यांच्या आधी फोन करायला हवा, त्याच्या कोंबड्या तर मेलेल्याच असतात. त्याला मिळतो तो शेजाऱ्यांचा राग. ब्रॉयलरच्या करार पद्धतीत तर हा गुंता आणखी वाढतो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि रात्रीची जागरणं शेतकऱ्याची. साथीनंतर शेड कित्येक महिने रिकामी ठेवावी लागते. त्या रिकाम्या महिन्यांत बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि पक्ष्यांच्या भरपाईत ते महिने कुणी मोजत नाही.

कायदा बघायला गेलं तर स्पष्ट आहे. जनावरांतल्या संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ सालचा केंद्रीय कायदा सांगतो की यादीतला रोग आपल्या जनावरात असल्याचा संशय आला तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचं आणि त्यांनी जवळच्या पशुवैद्याला. बर्ड फ्लू त्या यादीत आहे आणि राणीखेतही आहे. हे वाक्य पुन्हा वाचावं अशी माझी विनंती आहे. गावात मानमोडीने चार कोंबड्या मेल्या तरी ती कळवायची बाब आहे. मी आजवर पाच-सहा ग्रामपंचायतींत सहज विचारून पाहिलं. एकाही ठिकाणी कोंबड्या मेल्याची नोंद करायची वही नव्हती, आणि मी विचारतोय यावर लोकांना हसू येत होतं. त्यांचा दोष नाही. ज्या कायद्याचं पालन केल्यावर माणसाच्या पदरात फक्त नुकसान पडतं तो कायदा कागदावर राहणारच.

म्हणून माझी पहिली मागणी पैशांची आहे आणि ती करताना मला संकोच वाटत नाही. कळवल्याच्या क्षणापासून मालकाच्या मेलेल्या कोंबड्याही मोजा. मर सुरू झाल्यावर एका दिवसाच्या आत कळवणाऱ्याला मेलेल्या पक्ष्यांचेही पैसे द्या, उशीर करणाऱ्याला देऊ नका. यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: लोक मुद्दाम कोंबड्या मारतील, उंदराचं औषध घालतील. दर बाजारभावाच्या खाली ठेवला तर कोंबडी मारून कुणाला फायदा होणार नाही, आणि नमुना तपासल्याशिवाय पैसा निघणार नाही. शंभरात दोघांनी लबाडी केली तरी ती रक्कम नवापूरसारखी एक साथ आवरायला लागणाऱ्या पैशांपुढे किरकोळ ठरेल. आपण आज दोघांच्या लबाडीच्या भीतीने अठ्ठ्याण्णव प्रामाणिक माणसांना गप्प बसवलं आहे.

दुसरा आक्षेप पोल्ट्री धंद्याकडून येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. "साथीचं नाव काढलं की चिकनचा भाव कोसळतो, त्यापेक्षा गाजावाजा नको." खरं आहे, भाव कोसळतो. पण २०२०च्या फेब्रुवारीत काय झालं ते आठवा. कोंबड्यांत कुठलीही साथ नव्हती. मोबाइलवर अफवा फिरली की चिकन खाल्ल्याने कोरोना होतो, आणि काही आठवड्यांत ब्रॉयलरचा भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेला. शेडवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, कुणी जिवंत पुरले. आमच्या भागात एक शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पक्षी भरून चौकात उभा होता, "घेऊन जा" म्हणत. लोक घ्यायलाही धजत नव्हते. माहिती दडवल्याने धंदा वाचत नाही हे त्या दिवसांनी दाखवलं. दर आठवड्याला तालुक्यागणिक कोणत्या रोगाने किती पक्षी मेले, किती नमुने तपासले, काय निघालं, हे जर लोकांसमोर येत राहिलं असतं, तर अफवेला उत्तर द्यायला आकडे हाताशी असते. सत्तर अंशांवर शिजवलं की हा विषाणू मरतो, आणि आपण तर रस्सा खदखदा उकळतो. एवढं सांगायलाही विश्वासाचा आवाज लागतो. जो एरवी गप्प असतो त्याच्यावर संकटात कोण विश्वास ठेवणार?

थायलंडचं उदाहरण मला इथे द्यावंसं वाटतं. २००४ साली तिथेही सुरुवातीला सरकारने बर्ड फ्लू नाकारला, कारण कोंबडीच्या निर्यातीवर त्यांचा मोठा व्यापार उभा होता. माणसांना लागण झाल्यावर नाकारणं अशक्य झालं. मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी आजारी पक्षी शोधण्यासाठी देशभर घरोघर पाहणी केली आणि तिला नाव दिलं क्ष-किरण. गावोगावचे आरोग्य स्वयंसेवक लाखोंच्या संख्येने त्यात उतरले. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट आपल्यालाही विचारात पाडणारी आहे: भातखाचरांतून चरत फिरवले जाणारे बदकांचे कळप रोग पसरवत होते, आणि बदकं स्वतः फारशी आजारी दिसत नव्हती. कोंबड्या मेलेल्या दिसत होत्या म्हणून सगळ्यांचं लक्ष कोंबड्यांकडे होतं. बदकांचा धागा हाती लागला तो खेड्यापाड्यांतून इतकं बारकाईनं पाहिल्यामुळे.

आपल्याकडे आशाताई आहेत, पशुधन पर्यवेक्षक आहेत, गावोगाव पशुसखी म्हणून काम करणाऱ्या बचत गटांच्या बायका आहेत. कोंबड्या कुणाच्या घरी मेल्या हे गावातल्या बायकांना सगळ्यांच्या आधी कळतं, कारण गावरान कोंबडी ही बाईची मिळकत. अंड्याचे पैसे, वही-पेनाचे पैसे, पाहुणा आला तर जेवणाची सोय. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या पंच्याऐंशी कोटींहून अधिक कोंबडीवर्गीय पक्ष्यांपैकी जवळजवळ बत्तीस कोटी परसातले होते आणि त्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा तब्बल पंचेचाळीस टक्क्यांनी वाढलेली होती. इतक्या पक्ष्यांच्या मालकिणींशी आपली रोग पाळत व्यवस्था बोलतच नाही. ती मोठ्या शेडच्या फाटकापर्यंत जाते, तिथून नियमाने नमुने घेते आणि परत फिरते.

आता लसीकडे येतो, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तिथे आहे. मोठ्या शेडमध्ये राणीखेतीची लस चुकत नाही. पाचव्या-सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात लासोटा या लसीचा थेंब, पुढे पाण्यातून पुन्हा. त्यामुळे लस नीट दिलेल्या शेडमध्ये एका रात्रीत पाच टक्के पक्षी मेले, तर मालक सावध होतो: हे राणीखेत नसणार. खेड्यात मात्र लस दिलेलीच नसते, म्हणून प्रत्येक मर मानमोडीच्या खात्यात जाते आणि खातं बंद होतं. गावातल्या कोंबड्यांना राणीखेतीची लस नेमाने मिळायला लागली तर दोन गोष्टी घडतील. कोंबड्या वाचतील, ही पहिली. दुसरी अशी की त्यानंतरही कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर ती मर उठून दिसेल. चाळणी लावल्यावर खडा दिसतो, तसं. लसीने राणीखेत शंभर टक्के हद्दपार होत नाही, लस घेतलेला पक्षीही कधी विषाणू बाहेर टाकतो, हे मला मान्य आहे. पण आज आपण चाळणीशिवायच धान्य निवडतोय.

मग लस पोचत का नाही? औषधाच्या दुकानात ती मिळते आणि फार महाग नाही. अडचण बाटलीची आहे. लहानातली लहान बाटली साधारण शंभर मात्रांची. बाटलीतली पूड द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवायची, तीही थंड राखून. माझ्या चुलतीकडे वीस कोंबड्या. ती शंभराची बाटली कशाला घेईल? आणि घेतली तरी बर्फ कुठून आणेल? एवढ्याशा अडचणीपायी आपल्या गावांतून दरवर्षी किती कोंबड्या जातात याची मोजदाद नाही. आफ्रिकेत मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत हीच अडचण होती. ऑस्ट्रेलियात तयार झालेला, उष्णता सोसणारा आय-२ नावाचा लसीचा वाण तिथे वापरला गेला. गावातल्याच माणसांना शिकवलं, ठरलेल्या दिवशी ती घरोघर फिरून कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकतात, कोंबडीमागे थोडे पैसे घेतात, आणि चार महिन्यांनी पुन्हा येतात. फुकट वाटप नाही, मोठा गाजावाजा नाही. ज्या देशाने आर२बी काढली त्या देशाला हे जमू नये असं मी मानत नाही.

बर्ड फ्लूवरच लस द्या ना, असंही कुणी विचारतं. चीन अनेक वर्षं देतो आहे, फ्रान्सने २०२३च्या ऑक्टोबरात बदकांना द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे उग्र बर्ड फ्लूसाठी मारून पुरण्याचंच धोरण आहे. याबाबत मी घाई करणार नाही. लस दिलेल्या कळपात विषाणू न मारता फिरत राहू शकतो. तपासणी सतत आणि काटेकोर असेल तरच तो सापडतो. जिथे मेलेल्या कोंबडीचीही नोंद होत नाही तिथे न मेलेल्या कोंबडीतला विषाणू कोण शोधणार? आधी मोजायला शिकू.

आणि मोजताना रस्ते बघावे लागतील. साथ आली की आपल्याकडे पहिलं बोट परदेशी पाहुण्या पक्ष्यांकडे जातं. ते निर्दोष नाहीत. २०२१च्या सुरुवातीला हिमाचलच्या पोंग धरणावर पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने मेले आणि त्यांच्यात एच५एन१ सापडला. पण उजनीवर उतरलेला पक्षी आठवडी बाजारात जात नाही. बाजारात जाते ती जाळीदार क्रेटांनी भरलेली गाडी. पहाटे शेडवरून पक्षी उचलते, दहा-बारा दुकानांत उतरवते आणि विष्ठेने माखलेले तेच क्रेट घेऊन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेडच्या दारात उभी राहते. अंड्यांचे कागदी ट्रे तसेच फिरतात. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की गावरान कोंबडा तालुके ओलांडतो. आखाडाच्या शेवटी तर सगळीकडूनच उचल वाढते. ज्याला माग काढायचा आहे त्याने पंचांग आणि गाडीवाल्याची डायरी या दोन गोष्टी आधी उघडाव्यात. हाँगकाँगने जिवंत कोंबडीच्या बाजारांना सफाईसाठी सक्तीची सुट्टी दिली आणि पुढे रात्रभर जिवंत पक्षी दुकानात ठेवायला बंदी केली. आपल्याकडे निदान क्रेट धुण्याची सक्ती आणि दुकानांच्या गटारांतून अधूनमधून नमुने घेणं तरी आजच सुरू करता येईल. एका दुकानात दहा गावांचे पक्षी येतात. तिथला एक नमुना दहा गावांची खबर देतो.

गेल्या काही वर्षांत राज्याने पुन्हा पुन्हा इशारे पाहिले आहेत. २०२१च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या एकदम मेल्या तेव्हा रोग कळला. त्याच फेब्रुवारीत नवापूर पुन्हा सापडलं, पंधरा वर्षांनी, त्याच महिन्यात. त्याच वर्षी जुलैत हरियाणातल्या एका मुलाचा दिल्लीत मृत्यू झाला, देशातला बर्ड फ्लूचा पहिला मानवी बळी. २०२४ संपता संपता नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला, विषाणू तोच. पाठोपाठ जानेवारीत उदगीरला कावळे झाडांखाली मरून पडायला लागले, आणि तिकडे उरणजवळच्या चिरनेरला कोंबड्या. उदगीरच्या लोकांनी कावळ्यांची खबर दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. कावळा कुणाच्या मालकीचा नसतो. त्याच्याबद्दल सांगितलं तर कुणाचं नुकसान होत नाही, म्हणून लोक मोकळेपणाने सांगतात. कोंबडीबद्दलही त्याच मोकळेपणाने सांगता येईल अशी व्यवस्था उभी करणं, यापलीकडे माझं मागणं नाही.

गेल्या वर्षी आम्ही गावात एक प्रयोग केला. चुलती आता थकली आहे, पण कोंबड्या अजून तिच्याच. तालुक्याहून लासोटाची शंभराची बाटली थर्मासमध्ये बर्फ घालून आणली. रात्री कोंबड्या डालग्याखाली गेल्या की धरायला सोप्या, म्हणून आठ वाजता सुरुवात केली. माझी चुलतबहीण बॅटरी धरायची, मी थेंब टाकायचो आणि चुलती प्रत्येक घरी ओट्यावर बसून ओरडायची, "अगं तलंगा राहिल्या त्या, त्यांनाही घाल." दोन तासांत अकरा घरं झाली, त्र्याऐंशी पक्षी. उरलेल्या मात्रा फेकून द्याव्या लागल्या. मी चुकून हात डोळ्याला लावला आणि दोन दिवस डोळा लाल होता; लासोटाने असं होतं हे मला माहीत असायला हवं होतं. बहिणीने शाळेच्या जुन्या वहीत घर, मालकीण, कोंबड्या, तलंगा, पिल्लं असे रकाने आखून सगळं लिहून घेतलं. दर तीन-चार महिन्यांनी वही उघडायची आणि थेंब पुन्हा द्यायचा असं ठरलं.

दुसऱ्या फेरीनंतर महिनाभराने सकाळी सहाला बहिणीचा फोन आला. वाडीतल्या एका घरच्या पाच कोंबड्या रात्रीत मेल्या होत्या. मालकिणीने बाजार गाठला नव्हता. ती स्वतः चालत आमच्या घरी आली होती आणि म्हणत होती, "लस दोनदा दिलीय, तुमच्या वहीत आहे. मग ही मानमोडी नाही. दुसरं काय आहे ते बघा." बहिणीने तिला हात धुवायला लावले, उरलेल्या कोंबड्या कोंडून ठेवायला सांगितलं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. डॉक्टर दहाच्या सुमाराला आले. त्यांनी एका कोंबडीचं पोट फाडलं, आत गुलाबी रंगाचे दाणे होते. पेरणीसाठी औषध चोळून ठेवलेलं बियाणं ओट्यावर सांडलं होतं आणि कोंबड्यांनी ते टिपलं होतं. त्यांनी तरीही बोळ्याने नमुने घेतले, बर्फात ठेवले आणि पाठवले. बहिणीने वहीत त्या घरासमोर तारीख घातली, पुढे लिहिलं "पाच मेल्या, विषबाधा", आणि त्याखाली नमुन्याच्या निकालासाठी एक ओळ मोकळी सोडली.